तार छेडून झाल्यावर...

(मंडळाच्या गणेशोत्सवात पाचव्या दिवशी संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सेक्रेटरींनी फोन करून विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "गिटार." पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "काका, गणपतीत गिटार?" मी म्हटलं, गेल्या वर्षी याच मांडवात, याच स्टेजवर मुलांच्या वाद्यवादन स्पर्धेत दोन गिटारं वाजली आणि परीक्षक म्हणून मी इथे बसलो होतो. त्या स्पर्धेचं माझ्याकडे काही देणं राहिलं आहे. ते आज फेडायचं आहे.

झालं असं होतं. पहिला मुलगा चौदा वर्षांचा. इलेक्ट्रिक गिटार, पायाशी इफेक्टची पेटी. चार मिनिटांत त्याने पाच गाण्यांची माळ वाजवली. बोटं दिसत नव्हती इतका वेग, आणि ताल एका ठिकाणीही हलला नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्यानंतर एक बारा वर्षांची मुलगी आली. साधी लाकडी गिटार, तिच्यापेक्षा थोडी मोठीच. तिने एक जुनं भावगीत वाजवलं, तेही एकच कडवं. मधे मधे ती थांबत होती. एका ठिकाणी तर इतकी थांबली की मला वाटलं विसरली. माझ्यासमोरच्या कागदावर चार रकाने होते : सूर, ताल, तयारी, सादरीकरण. "तयारी"च्या रकान्यात मी तिला पंचवीसपैकी अकरा दिले. पहिला नंबर मुलाला गेला, तिला उत्तेजनार्थ.

रात्री घरी जाऊन हातपाय धुतले, ताक प्यायलो, अंथरुणावर पडलो. तेव्हा लक्षात आलं की मी मनातल्या मनात तिचं गाणं गुणगुणतो आहे. आणि ज्या ठिकाणी ती थांबली होती, त्याच ठिकाणी मीही थांबतो आहे! त्या मुलाच्या पाच गाण्यांपैकी एकही आठवत नव्हतं. पंचवीसपैकी अकरा. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे वयामुळे असेल असं आमच्या सौ. म्हणतात. असो.

ती अशी काय करत होती, जे माझ्या कानाला कळलं आणि माझ्या पेनाला कळलं नाही? गेलं वर्षभर मी याचा विचार करतो आहे. मी कोणी मोठा वादक नाही. बेळगावात शाळा-कॉलेजच्या दिवसांत हवाईयन गिटार शिकलो, 1976 साली नोकरीसाठी बेंगळुरूला आलो, यशवंतपुरात स्थायिक झालो. गिटार बरीच वर्षं माळ्यावर होती, निवृत्तीनंतर खाली आली. तेव्हा जे सांगतो ते एका हौशी माणसाचं समजून घ्या.

आधी एक साधी गोष्ट. आपल्या घरातली बाई "बरं" हा शब्द किती प्रकारांनी म्हणते? "बरं." म्हणजे ऐकलं. "बऽरं" म्हणजे बघते हं तुझ्याकडे. "बरं?" म्हणजे पुढे सांग. आणि नुसतं तुटक "बरं" म्हटलं की नवऱ्याने समजावं, आज जेवण मिळेल पण बोलणं मिळणार नाही. अक्षरं दोनच. अर्थ सगळा लांबीत, वजनात, चढउतारात आणि त्यानंतरच्या शांततेत. गाण्याच्या ओळीचंही तसंच आहे. नोटेशनच्या वहीत अक्षरं मिळतात, "बरं" कसं म्हणायचं ते मिळत नाही.

आता गिटारची अडचण बघा. गवयाचा श्वास आहे तोवर त्याचा स्वर टिकतो. बासरीचं तेच. व्हायोलिनला गज आहे, पेटीला भाता आहे. गिटारची तार मात्र एकदा छेडली की छेडली. स्वर जन्मतो तेव्हाच सर्वांत मोठा असतो, आणि त्या क्षणापासून विझायला लागतो. मग वादकाच्या हातात काय उरतं? दोनच गोष्टी : छेडताना कसं छेडलं, आणि विझता विझता त्या स्वराचं काय केलं. माझ्या मते गिटारमधला भाव बहुतेक या दुसऱ्या गोष्टीत असतो. वेगाने वाजवणाऱ्याला ही दुसरी गोष्ट करायला सवडच मिळत नाही, कारण तोवर त्याचा पुढचा स्वर दारात उभा असतो.

पण आधी छेडण्याबद्दल थोडं. इथून मेखरी सर्कलकडे जाताना सर सी. व्ही. रामन यांनी 1948 साली स्थापन केलेली संस्था लागते. आपल्या शेजारच्या टाटा इन्स्टिट्यूटचे, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेचे, ते 1933 साली पहिले भारतीय संचालक झाले. प्रकाशावरच्या संशोधनाला नोबेल मिळालं हे आपण जाणतो. पण त्याआधी कोलकात्यात असताना त्यांनी तबला, मृदंगम, तंबोरा, वीणा यांच्या नादाचा कसून अभ्यास केला होता. तारेचा नियम असा, की एखाद्या उपस्वराचा स्थिर बिंदू जिथे येतो तिथेच तार छेडली तर तो उपस्वर उमटू नये. रामन यांनी 1921 साली दाखवून दिलं की तंबोरा आणि वीणा हा नियम जुमानत नाहीत. त्यांची घोडी रुंद आणि किंचित गोलसर असते, तार तिच्यावर घासत थरथरते आणि न उमटायला हवे ते उपस्वरही उमटतात. आपण ज्याला जवारी म्हणतो ती हीच.

गिटारच्या घोडीची कड बारीक असते. तिला जवारीचं हे देणं नाही, म्हणून ती नियम बऱ्याच अंशी पाळते. त्यामुळे तार कुठे छेडली याला गिटारमध्ये फार महत्त्व येतं. घोडीजवळ छेडा, आवाज चिरका, धातूचा. भोकावर किंवा त्याच्याही पुढे पडद्यांच्या बाजूला छेडा, आवाज मऊ. नखाने एक रंग, बोटाच्या मांसाने दुसरा, नखीने तिसरा. त्या मुलीने ध्रुवपद दुसऱ्यांदा घेताना उजवा हात चार बोटं पुढे सरकवला होता. मी ते पाहिलं होतं, आणि कागदावर काहीच लिहिलं नाही.

आता विझण्याकडे येऊ. गिटारच्या गळ्यावर पडदे पक्के ठोकलेले असतात. सा आणि रे यांच्या मधली वाट त्यात नाही, पायरी आहे. आपलं संगीत मात्र वाटेवर जगतं. 1940 साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली, त्यामागे एक कारण हेच होतं, की पेटीतून मींड निघत नाही. तोच आरोप गिटारवरही होऊ शकला असता. पण गिटारला एक पळवाट सापडली, आणि ती म्हणे सापडली रेल्वेच्या रुळांवर!

हवाई बेटांवर जोसेफ केकुकु नावाचा एक शाळकरी मुलगा होता, जन्म 1874 चा. तो रुळांच्या कडेने गिटार घेऊन चालला असता त्याला एक लोखंडी बोल्ट सापडला, आणि तो तारेवर घासल्यावर स्वर घसरत जातो असं त्याच्या ध्यानात आलं, अशी आख्यायिका सांगतात. यशवंतपूर स्टेशनच्या आसपास आयुष्य काढलेल्या आपल्यासारख्यांना ही कथा खरी मानायला हरकत नसावी. पुढे केकुकुने गिटार मांडीवर आडवी घेतली, तारा पडद्यांपासून उंच उचलल्या आणि डाव्या हातात पोलादी बार धरला. पायऱ्या गेल्या, घसरगुंडी आली. ताव मो नावाचा हवाईचा वादक 1929 साली आपल्या देशात येऊन गेला, नंतर 1940 च्या दशकात काही वर्षं कोलकात्यात राहिला. तिथून ही आडवी गिटार बंगालात रुजली आणि मग घराघरांत पोहोचली. व्हॅन शिपले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या तबकड्या माझ्या वयाच्या लोकांना आठवत असतील. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधे वेळ उरला की सिनेमाच्या गाण्याची धून लागायची. शब्द नसायचे, पण आई स्वयंपाकघरातून शब्द म्हणायची.

बेळगावातले माझे गुरुजी या जातीचे. त्यांची एक विचित्र अट होती. गाणं पाठ म्हणून दाखवल्याशिवाय बार हातात द्यायचे नाहीत. माझा आवाज म्हणजे खानापूरच्या रस्त्यावरची एस.टी. मी म्हणायचो, "गुरुजी, मला वाजवायचंय, गायचं नाही." ते म्हणायचे, "शब्द कुठे तुटतो ते ठाऊक नसेल तर हात कुठे उचलणार?" मला तो जाच वाटायचा. एकदा मी एक धून घरी बसवून, अगदी अचूक, वाजवून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "सगळे स्वर आले. आता हे कोणतं गाणं ते सांग." मी रडवेला झालो. गाणं त्यांना ओळखू आलं नव्हतं असं नव्हे. त्यांना म्हणायचं होतं की मी ओळीच्या मधेच, शब्दाचे दोन तुकडे करून श्वास घेतला होता. वाजवणाऱ्याला श्वास लागत नाही, म्हणून तो कुठेही घेतो किंवा घेतच नाही, दोन्ही वाईट.

या आडव्या गिटारला शास्त्रीय बैठकीत मानाने बसवलं ते पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी. जन्म 1937, जोधपूर, निधन 2018. उस्ताद अली अकबर खाँ यांचे ते शिष्य. सरोदला पडदे नसतात, तारेवर बोट घासत नेऊनच स्वर लावायचा असतो. ती सगळी तालीम काबरांनी गिटारवर आणली, चिकारीची सोय केली आणि आलाप-जोड-झाला यांसह राग मांडू लागले. 1967 साली निघालेली "कॉल ऑफ द व्हॅली" ही तबकडी आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल : संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर काबरा, आणि तबल्यावर आपले माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस त्यात रागांतून सांगितला आहे. घरी गेल्यावर ती पुन्हा ऐका, पण या वेळी फक्त गिटारकडे कान ठेवा. संतूरमध्ये स्वर थेंबासारखे पडतात, एकेक सुटा. गिटार आली की दोन थेंबांच्या मधे ओल दिसते. काबरा घाईने काही सिद्ध करायला जात नाहीत. एक स्वर लावतात, तो विझायला लागला की त्याच विझत्या आवाजावरून बार पुढच्या स्वरापर्यंत नेतात. दुसरी छेड नाही. पोहोचेपर्यंत आवाज इतका बारीक होतो की आपणच पुढे वाकून ऐकतो.

नंतर पंडित विश्वमोहन भट्टांनी मोहनवीणा घडवली, आणि राय कूडर या अमेरिकन गिटारवादकाबरोबर केलेल्या ध्वनिमुद्रणाला 1994 साली ग्रॅमी मिळालं. हे सर्वश्रुत आहे, म्हणून त्यात जास्त शिरत नाही.

इथे कोणी म्हणेल, काका, हे आडव्या गिटारचं झालं. आमची पोरं उभी, पडद्यांची गिटार वाजवतात. बरोबर. पण पडद्यावरही वाट काढता येते, तार आडवी ओढून. मल्लेश्वरममध्ये मी सुरुवातीला भाड्याने राहत होतो तिथे खालच्या मजल्यावर एक वीणाविदुषी शिकवायच्या. वीणेचे चोवीस पडदे मेणात बसवलेले असतात, तेही पक्केच. पण त्यांच्या विद्यार्थिनी एका पडद्यावर बोट ठेवून तार बाजूला ओढायच्या, आणि त्या एका पडद्यातून दोन-तीन स्वर निघायचे. बाई वरचेवर म्हणायच्या, "निधान, निधान", म्हणजे सावकाश. गिटारवाले याला बेंड म्हणतात. त्यामागचं गणित सोपं आहे : ताण चौपट केला तर स्वर दुप्पट उंच, म्हणजे वरचा सा. सा वरून शुद्ध रे गाठायचा तर ताण साधारण सव्वापट व्हावा लागतो. लोखंडी तारांच्या गिटारवर सहा तारांचा मिळून ताण साठ ते ऐंशी किलो असतो, तेव्हा शिकाऊ मुलांची बोटं का सोलतात ते कळेल. आणि हा ताण मोजायला कान सोडून काही साधन नाही. थोडा कमी ओढला तर बेसूर, थोडा जास्त ओढला तरी बेसूर. पडद्यावर नुसतं बोट ठेवणाऱ्याला सूर आयता मिळतो. तार ओढणाऱ्याला तो दर वेळी नव्याने शोधावा लागतो. आर. प्रसन्न यांनी तर साध्या पडद्यांच्या इलेक्ट्रिक गिटारवर अख्खं कर्नाटक संगीत उभं केलं आहे, गमकांसह.

अमेरिकेतले बी. बी. किंग, जन्म 1925, निधन 2015, हे ब्लूज या प्रकारातलं फार मोठं नाव. त्यांचा एक नातलग तारेवर धातू घासून वाजवायचा. किंगना ते जमेना. तो आवाज तर कानात बसलेला! मग त्यांनी बोट पडद्यावर ठेवून मनगटच थरथरवायला सुरुवात केली, त्या घसरत्या स्वराची आठवण म्हणून. तो कंप हीच पुढे त्यांची ओळख झाली. एक स्वर ऐकला की जग म्हणायचं, हे किंग. गाताना ते गिटार वाजवत नसत. ओळ गाऊन झाली की गिटार तिला उत्तर द्यायची. माझ्या गुरुजींनी त्यांचं नाव ऐकलं असण्याची शक्यता कमीच, पण दोघांची शिकवणी एकच वाटते.

आता तुम्ही मला पकडू शकता. मींड, कंप, तार ओढणं, हाच जर भाव, तर गोविंदराव टेंब्यांच्या पेटीचं काय? पेटीत यातलं काहीच नाही, तरी महाराष्ट्राने ती पेटी डोक्यावर घेतली. हा प्रश्न मला खरोखर अडला होता. उत्तर मिळालं असं म्हणत नाही, पण जवळ गेलो ते कुमार गंधर्वांमुळे. कुमारजी आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, जन्म 1924. ऐन तारुण्यात क्षयाने गाठलं, फुप्फुसाला कायमची इजा झाली, काही वर्षं गाणं पूर्ण बंद. पुन्हा गायला लागले तेव्हा लांबलचक दमसास नव्हता. छोटे छोटे तुकडे, आणि मधे जागा. ती जागा रिकामी नसे. तंबोरा तिथे वाजत असे, आणि ऐकणारा पुढचा स्वर मनात लावून बसलेला असे. मग कुमारजी तो तरी देत, नाहीतर भलताच देऊन चकित करत. तेव्हा मींड हे एक साधन झालं. थांबणं हे दुसरं. पेटीत पहिलं नाही, दुसरं भरपूर आहे. गिटारमध्ये दोन्ही आहेत, आणि दोन्ही न वापरताही चार मिनिटं वाजवता येते, हीच तिची गंमत आणि हाच धोका.

मुलं याबाबतीत पूर्ण दोषी नाहीत. स्पर्धेत चार मिनिटांची घंटा आपणच वाजवतो. "तयारी" हा रकाना आपणच आखतो. वेग मोजता येतो, थांबणं कसं मोजायचं? मग परीक्षक सोयीचं ते मोजतो. मीही तेच केलं.

त्या मुलाला मी या वर्षी घरी बोलावलं होतं. (तो इथेच आहे, उजवीकडे खांबाजवळ, लाजू नकोस.) त्याच्या वेगामागे रोज तीन तासांची मेहनत आहे, ती मी कमी लेखत नाही. लय इतकी पक्की असणं हे देणं आहे. मी त्याला म्हटलं, तुझ्या पाच गाण्यांपैकी एकाचे शब्द म्हणून दाखव. त्याला एकाचेही येत नव्हते. मला माझे गुरुजी आठवले. पण मी काही बोललो नाही, चहा दिला. पुढच्या रविवारी तो स्वतःहून आला आणि एक गाणं म्हणून दाखवलं. आवाज माझ्यासारखाच, एस.टी. मग वाजवलं. वेग निम्म्यावर आला होता, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी तो चक्क थांबला. माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे, ती मी लेखी दिलीच आहे. यंदाच्या कागदावरून "तयारी" काढू नका, पण तिचे गुण पंचवीसवरून दहा करा, उरलेले पंधरा "गाणं पोहोचलं का?" अशा एका रकान्याला द्या. परीक्षकांनी तो रकाना लगेच भरू नये, सगळ्या मुलांचं वाजवून झाल्यावर भरावा. घरी जाऊन भरता आला तर उत्तमच, पण बक्षीस समारंभ त्याच रात्री असतो, हे मला ठाऊक आहे.

गेल्या वर्षीचा निकाल बदलता येत नाही. मी त्या मुलीच्या आईवडिलांना भेटून माझं चुकलं असं सांगितलं. ते भले लोक, म्हणाले, "काका, तिला उत्तेजनार्थचा कप फार आवडला, ती त्यात पेन्सिली ठेवते." मुलीला मी विचारलं, "तिथे तू इतकी का थांबलीस गं?" ती म्हणाली, "आजी तिथे थांबते." आजी हे गाणं भाजी निवडताना म्हणते, आणि त्या ओळीनंतर मेथीची जुडी बदलते!

आरतीला अजून वीस मिनिटं आहेत. ती गिटार घेऊन आली आहे, आजीही आल्या आहेत. माईक जरा खाली घ्या, आणि मागचे पंखे दोन मिनिटं बंद करता आले तर बघा. मी बसतो.